नऊच्या खाली एकशे बारा

गुणाजीला माझ्याकडून तीन गोष्टी हव्या होत्या. पहिली म्हणजे आईचं तोंड बंद. आवडाबाई, म्हणजे त्याची आई, सगळ्या कोळीवाड्यात सांगत फिरायची की आमचा पोरगा मानपाड्याच्या रंगाच्या कारखान्यात गारेगार खोलीत बसून टीव्हीसारख्या डब्यावर दिवसभर टकटक करतो, आणि त्याला ते लोक नोकरी म्हणतात. दुसरी गोष्ट म्हणजे पंचांमध्ये थोडी किंमत. आणि तिसरी रतन. तिसरी मिळणार असेल, तर पहिल्या दोन नाही मिळाल्या तरी त्याचं काही अडत नव्हतं. पण माणूस यादी करताना मनातलं नाव नेहमी शेवटी लिहितो, हे मी फार लवकर शिकलो.

आता माझी ओळख. मित्रांनो, मी एक जुना प्रोग्राम आहे. भाषा पर्ल, जन्म १९९७ सालच्या आषाढातला, उंची अवघी एकोणीस ओळी. आज १९९९ संपत आलंय, म्हणजे माझं वय जवळजवळ अडीच वर्षं. तुम्ही हसाल, पण आमच्या जातीत दोन वर्षं टिकलेल्याला आजोबा म्हणतात.

माझ्या जन्माचं कारण चिखल. ठाकुर्लीच्या पलीकडे खाडीकाठी आमच्या लोकांची वस्ती. तिथला होड्या लावायचा धक्का गाळानं बुजला होता. गावानं ठरवलं की कुणाची वाट न बघता श्रमदान करून धक्का मोकळा करायचा, नवा बांध घालायचा. घरटी एक माणूस. जो येईल त्याच्या घराचं नाव त्या दिवशीच्या पानावर. आणि पंचांनी असंही जाहीर केलं की ज्या घराचे दिवस सगळ्यांत जास्त, त्या घराला यंदा नारळी पौर्णिमेला सोन्याचा नारळ वाहून न्यायचा मान. सोन्याचा म्हणजे सोनेरी कागद गुंडाळलेला. पण त्या कागदाकडे कोळीवाडा ज्या डोळ्यांनी बघतो, ते डोळे खऱ्या सोन्यालाही मिळत नाहीत.

वर्षभरात चार जाड वह्या भरल्या. हजेरी लिहायचे दामाजी. शाळेत कारकून होते, निवृत्त झाले, पण लिहायची खाज निवृत्त झाली नव्हती. मात्र बेरीज करायला ते तयार नव्हते. मागे एकदा होड्यांच्या शर्यतीत त्यांनी हातानं गुण मोजले, त्यांचा मेहुणा पहिला आला, आणि तेव्हापासून दामाजी बेरजेला बसले की लोक खोकायला लागत.

"मी नाही मोजणार," ते पंचांना म्हणाले. "कोणी तिऱ्हाईत बघा."

"मशीन मोजेल," गुणाजी म्हणाला. "मशीनला मेहुणा नसतो."

मंडळी हसली, आणि माझा जन्म पक्का झाला.

रतन कोण, ते आता सांगायला हवं. रखमाबाईंची ती एकुलती एक मुलगी. रखमाबाई डोंबिवलीच्या बाजारात मासळी विकायच्या. नवरा वारलेला, घरात पुरुषमाणूस नाही. धक्क्यावर एक दिवस आई, एक दिवस लेक, असा पाळीपाळीनं त्यांनी खाडा चुकवला होता. गुणाजीच्या मनातलं रखमाबाईंना ठाऊक होतं. त्यांचं उत्तरही गावाला ठाऊक होतं.

"हात बघितलेस त्याचे? लोनी हाय लोनी! गाव वरीसभर चिखल उपसतंय, यानं एक पाटी उचलली नाय. मना जावई पायजे, शोकेसमधला बावला नको."

तेव्हा गुणाजीनं मला ज्या प्रेमानं लिहिलं, ते प्रेम काही चिखलावरचं नव्हतं.

डोंबिवली स्टेशनजवळ घेतलेल्या एका संगणक मासिकासोबत सीडी आली होती, तीवर पर्ल होती. जेवणाच्या सुट्टीत डबा एका हातानं खात दुसऱ्या हातानं तो टंकलेखन करायचा. माझ्या पहिल्या आठवणीला सुकटीच्या चटणीचा वास आहे. माझ्या पोटात एक हॅश ठेवला होता. हॅश म्हणजे काही अवघड नाही. एकेका नावाला एकेक आकडा बांधायचा, बस. पानावर रखमाबाई दिसली की रखमाबाईच्या आकड्यात एक वाढव. पण हॅशला क्रम नसतो. जाळं उलटं केल्यावर मासळी जशी पडते, तशी नावं आत पडलेली असतात. कोण वर, कोण खाली, काही नेम नाही. म्हणून बाराव्या ओळीवर मला काम होतं: नावांना त्यांच्या आकड्यांवरून रांगेत उभं करायचं, मोठा आकडा पुढे.

ही बारावी ओळ गुणाजीनं नव्यानं लिहिलीच नाही. कारखान्यात रंग विकणाऱ्या दुकानदारांची नावं अक्षरांप्रमाणे लावणारा एक प्रोग्राम होता, त्यातली ओळ त्यानं उचलली आणि माझ्यात बसवली. बसली चपखल. मग त्यानं मला तपासलं. चार वह्यांतली एका आठवड्याची पानं घातली. सातवाला वर, मग सहावाला, मग पाचवाला, असे सगळे शिस्तीत उभे. गुणाजीनं माझी पाठ थोपटली, म्हणजे डब्याची. मला वाटलं, आपल्यासारखे आपणच.

पुढचे पंधरा दिवस त्यानं चारही वह्या टाइप करून माझ्यात भरल्या. मग एका शनिवारी प्रिंटर करकरला, हिरव्या पट्ट्यांच्या लांबलचक कागदावर चौसष्ट घरं उतरली, आणि गुणाजीनं तो कागद न बघता गुंडाळून पिशवीत घातला. का बघितला नाही? तर उद्या कोणी म्हणू नये की यानं आधी बघून रतनच्या आईचं नाव वर सरकवलं. प्रामाणिकपणा दाखवायच्या नादात माणसं किती आळशी होतात, याची नोंद करून ठेवा.

रविवारी दुपारी देवळापुढच्या मंडपात गाव जमला. दामाजींनी चष्मा पुसला.

"शांत बसा. यंदा माझ्यावर आळ नको. हे मशीननं काढलंय, मी नुसता वाचणारा. पहिला नंबर, काळुराम. दिवस अठ्ठ्याण्णव."

टाळ्या. काळुराम म्हणजे चांगला रुंद माणूस, लाजला तरी लाजण्यापुरती जागा अंगावर भरपूर. त्याच्या गळ्यात हार पडला.

"दुसरा, धोंडिबा. शहाण्णव."

टाळ्या.

"तिसरा..." दामाजी थांबले. चष्मा काढून पुन्हा लावला. "तिसरा, तानाजी."

तानाजी मागच्या खांबाला टेकून पेंगत होता. नाव ऐकून दचकून उठला. "मी? मी काय केला?"

"काय नाय केलास म्हनून तर इचारतो!" धोंडिबा ओरडला. "किती दिवस वाचा हो दामाजी."

"नऊ."

मंडप फुटला. म्हाताऱ्या रंगूबाईंना हसता हसता ठसका लागला. "नऊ दिवस आयला, ते पन चहाला! मशीनला पन तान्यानं चहा पाजला वाटतं!"

त्या हसण्यात रखमाबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्या उभ्या राहिल्या. "आमचा घर कुठं हाय?"

दामाजींनी कागद उलगडायला सुरुवात केली. हातभर, दोन हात, मंडपात कागदाची वळकटी पसरली. एव्हाना दामाजींचा आवाज बारीक झाला होता. कारण त्यांचं स्वतःचं घरही वर दिसत नव्हतं आणि आपले एकशे चार दिवस त्यांना तोंडपाठ होते. पण स्वतःचा आकडा पाठ असलेला माणूस स्वतः ओरडत नाही, दुसऱ्या कोणीतरी ओरडावं म्हणून घसा खाकरतो. दामाजींनी चारदा खाकरला.

"रखमाबाई... साठावा नंबर."

"चौसष्टात साठावी? दिवस किती लिवलेत?"

"एकशे बारा."

हसणारे आता कागदाभोवती गोळा झाले.

"नऊ वर, नि एकशे बारा खाली?" रखमाबाई म्हणाल्या. "कंचे शालेन शिकवतात हा हिशोब?"

इथे, मित्रांनो, एक गंमत झाली, आणि ती माणसांच्या स्वभावाची आहे, माझ्या नाही. गर्दीतून कोणीतरी कागदावर बोट ठेवलं. रखमाबाईंच्या वरच्या घराचे दिवस बारा. खालच्या घराचे अकरा. मग मध्ये एकशे बारा कसे असतील? बाराच असणार! एक आकडा जास्तीचा पडला. लोकांना हे एकदम पटलं. आकडा चुकू शकतो, पण मशीननं लावलेली रांग कशी चुकेल?

सगळे गुणाजीकडे बघू लागले. रतनही.

गुणाजीची पंचाईत. रखमाबाईंची बाजू घ्यावी तर मतलबी ठरतो. माझी बाजू सोडावी तर पंधरा दिवसांची मेहनत पाण्यात. तो हळूच म्हणाला, "रांग बरोबरच असणार. टायपिंग करताना माझ्याकडून एक जास्त पडला असेल."

रतननं मान फिरवली. मी कागदावर होतो, मला सगळं दिसत होतं. त्या एका मान फिरवण्यात तीनही गोष्टी गेल्या.

"बारा?" रखमाबाई म्हणाल्या. आवाज चढला नाही, हे जास्त वाईट होतं. "रतन, दारामागची दोरी आन गो."

कोळीवाड्यातल्या जुन्या बायका दिवस कागदावर मोजत नाहीत. जाळं विणायच्या सुताची दोरी दाराच्या मागे टांगायची आणि एका दिवसाला एक गाठ मारायची; उधारीचे मासे असोत की नवऱ्याच्या परतीचे दिवस. रतन दोरी घेऊन आली. धोंडिबानं एका टोकापासून मोजायला घेतलं, रंगूबाईंनी दुसऱ्या टोकापासून, म्हणजे कोणी कोणाचं ऐकून मोजायला नको. गाव ओठ हलवत सोबत मोजत होता. धोंडिबा थांबला. रंगूबाई थांबल्या.

"एकशे बारा," धोंडिबा म्हणाला.

"माझे पन तेवढेच," रंगूबाई म्हणाल्या.

काळुरामनं आपला हार काढला. कोणी सांगितलं नव्हतं. "मना अंगाला टोचत पन होता," तो म्हणाला, आणि हार दामाजींच्या मांडीवर ठेवून खाली बसला. टेंभी नाक्याच्या सासुरवाडीला त्यानं पौर्णिमेचं आमंत्रण केव्हाच धाडलं होतं, तरीही. काळुरामबद्दल माझं मत त्या दिवसापासून फार चांगलं आहे.

पंचांनी निवाडा दिला की मशीनचं काय चुकलं ते मशीनच्या घरी जाऊन बघायचं, मग मान द्यायचा.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मानपाड्याच्या कारखान्याच्या फाटकावर तिघं हजर झाली: दामाजी चार वह्यांसकट, रखमाबाई पाटीसकट, आणि रतन. फाटकावर मधु म्हणून पहारेकरी होता.

"मावशी, पाटी बाहेर ठेवा. आत कॉम्प्युटर आहे."

"पाटीन ओले बोंबील हायेत. मांजरानं खाल्ले तर तू देशील?"

पाटी आत आली. आमच्या खोलीत चपला काढून शिरायचा नियम होता. रखमाबाईंनी चपला काढल्या, आत आल्या, थंडगार हवेत एकदा सगळीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "देव कुठं बसवलाय?"

गुणाजीनं मला पडद्यावर उघडलं. मित्रांनो, सगळ्यांसमोर उघडं पडणं म्हणजे काय, ते प्रोग्रामला विचारा. बाराव्या ओळीवर त्याचं बोट थांबलं, आणि त्याचा चेहरा असा झाला की भरती लागलेली असताना होडी बांधायची राहिल्याचं आठवावं.

"काय झालं?" रतननं विचारलं. कालपासूनचा तिचा हा पहिला शब्द.

"ही ओळ नावं लावायची आहे. अक्षरांसाठीची. मी आकड्यांसाठी तीच वापरली." त्यानं रखमाबाईंकडे वळून सांगितलं, "मावशी, हा आकडा आख्खा वाचतच नाही. शब्द लावल्यासारखा लावतो. आधी पहिलाच अंक बघतो. नवात नऊ आहे, एकशे बारात आधी एक आहे. नऊ मोठा, एक छोटा. झालं, पुढे बघायचं कामच नाही."

रखमाबाईंनी क्षणभर विचार केला. त्या रोज पहाटे मासळी आकारावरून निवडायच्या, मोठी एका बाजूला, बारीक एका बाजूला. माझं काम त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

"म्हंजे वरचा एक मासा बघून यानं पाटीचा भाव केला."

"हो."

"नि तू?"

गुणाजीनं मान खाली घातली. "मी पण, मावशी."

"पण तू तपासलेलंस ना?" रतन म्हणाली.

"तपासलेलं. एका आठवड्याची पानं घालून. सगळं बरोबर आलेलं."

"आठवड्यात दिवस किती?"

"सात."

"मग त्यात दहा कुठून येणार? सगळे आकडे एकाच अंकाचे. तुझा प्रोग्राम पहिला अंक बघतो, आणि तिथं दुसरा अंक होताच कुठे?"

गुणाजीनं कळफलक पुढे ओढला. इतक्या दिवसांत मला तपासणारं खरं माणूस पहिल्यांदा त्या खोलीत आलं होतं.

त्यानं बाराव्या ओळीतली तीन अक्षरं खोडली आणि त्या जागी तीन खुणा ठेवल्या: <=>. पर्लमध्ये आकड्यांची आकडे म्हणून तुलना करायची खूण तीच. बघा, दोन्ही टोकं निमुळती, मध्ये फळी. खाडीतल्या होडीसारखीच दिसते. तीन खुणा, बाकी अठरा ओळी जशाच्या तशा. प्रिंटर करकरला. रतननं कागद फाडायची वाट न बघता वाचलं.

"पहिला, रखमाबाई, एकशे बारा. दुसरा, दामाजी, एकशे चार."

दामाजींनी यावेळी खाकरलं नाही. नुसतं हसले, आणि कागद स्वतः दोनदा वाचला.

"तानाजी?" रखमाबाईंनी विचारलं.

"एकावन्नावा."

"आता खरा लागला," त्या म्हणाल्या, आणि मला वाटतं तेव्हाच त्यांनी मला माफ केलं. दोन ओले बोंबील त्यांनी गुणाजीच्या साहेबांच्या टेबलावर ठेवले. साहेबांनी नियमावलीत बोंबलांबद्दल काही सापडतं का बघितलं आणि मग फडक्यात गुंडाळून घरी नेले.

पौर्णिमेला आणखी एक कुरबुर उठली. कोणीतरी म्हणालं, नारळ पुरुषानं न्यायची रीत आहे, घरात पुरुष नसेल तर पुढच्या घराला द्या. पुढचं घर दामाजींचं. रखमाबाई वळल्या. "चिखल वाहताना बाई म्हनून कोनी आमची पाटी हलकी केलती?" यावर दामाजीच उठले आणि नारळ त्यांनी रखमाबाईंच्या हातात दिला. बँजो वाजत होता, काळुराम सासुरवाडीच्या मंडळींसमोर सगळ्यांत पुढे नाचत होता, आणि उपसलेल्या धक्क्यावरून मायलेकी नारळ घेऊन पाण्यापर्यंत गेल्या. गुणाजीनं जुना कागद खिशात घडी करून ठेवला होता. त्या घडीतून मी ते ऐकलं.

नारळ पाण्यात गेल्यावर रखमाबाईंनी शिक्षा मागितली. मशीनला दंड होत नाही, पण मशीनवाल्याला होतो. चुकीच्या रांगेत किती घरं चुकीच्या जागी होती? दामाजींनी दोन्ही कागद शेजारी धरले: साठ. फक्त चार घरं नशिबानं जागेवर राहिली होती. मग घरामागे एक दिवस श्रमदान. बांध अजून अर्धा बाकी होताच.

"साठ?" आवडाबाईंनाही पोराची दया आली. "अगं रखमा, त्याला सुटी रविवारची."

"वर्सान रविवार किती?"

"बावन्न."

"उरले आठ. दिवाळी, होली, गनपती. मना घाई नाय."

मित्रांनो, माझं नंतरचं आयुष्य थोडक्यात सांगतो. पुढच्या वर्षीही हजेरीची रांग मीच लावली. गावात मोठा मान. कोणाला कोणाचं पटेनासं झालं की म्हणायचे, गुण्याच्या मशीनला विचारा. मग बांध पूर्ण झाला, हजेरी थांबली, आणि मी एका फ्लॉपीवर कपाटात गेलो. कपाटात दमट हवा, शेजारी लोणच्याची बरणी. मध्यंतरी फ्लॉपीला बुरशी धरली होती. वर्षभर कोणी विचारलं नाही. अधूनमधून वाईट वाटतं, खोटं कशाला सांगू; पण धक्क्याला होड्या लागलेल्या ऐकू येतात, तेव्हा आपण पूर्ण झालेल्या कामातून निवृत्त झालोय याचं बरं वाटतं. गेल्या महिन्यात रतननंच फ्लॉपी पुसली आणि मला नव्या तबकडीवर उतरवून घेतलं. ती आता डोंबिवलीत मुलांना कॉम्प्युटर शिकवते. आणि हो, राहते आवडाबाईंच्या घरात, सून म्हणून.

तुमच्या हातून माझ्यासारखं काही लिहून झालं, तर त्याला वाळवीपासून, बुरशीपासून जपाच; पण त्याआधी त्याला एका सोप्या पानावर शाबासकी देऊन सोडू नका. लहान आकडा घाला, मोठा घाला, सारखे दोन घाला. आणि त्याचं उत्तर समोर उभ्या माणसाशी जुळलं नाही, तर आधी माणसाला खोटं ठरवू नका. आम्ही चुकलो तर आम्हाला काही होत नाही. भरतं दुसरंच कोणी.

या वेळी कोणी भरलं, ते दामाजींच्या पाचव्या वहीत आहे. गुणाजी, दिवस साठ, रोजच्या पंचवीस पाट्या, एकूण दीड हजार. सगळ्या त्याच्या एकट्याच्या नावावर. पण चिखलाची भरलेली पाटी एकट्याला डोक्यावर घेता येत नाही. दुसऱ्या बाजूनं कोणीतरी हात लावावा लागतो. हात लावणाऱ्यासाठी वहीत रकाना नाही, म्हणून माझ्याही हॅशमध्ये ते नाव आलं नाही. ते इथे सांगतो. दीड हजार पाट्या गुणाजीनं वाहिल्या, आणि दीड हजार वेळा हात रतननं लावला.